दीडशे ग्रॅमची गोळी

श्रोतेहो, नमस्कार.

छापखान्यात मला सगळे 'मास्तर' म्हणायचे, पण शाळेत मी कधी शिकवलं नाही. मी मुद्रितशोधक, म्हणजे प्रुफं तपासणारा. औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, गुलमंडीमागच्या एका बोळात आमचा छापखाना होता. खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळले की गॅली म्हणजे कच्ची छपाई निघायची, ओल्या शाईचा कागद माझ्या टेबलावर यायचा आणि लाल पेन्सिलीने मी काने, मात्रा, वेलांट्या जागेवर बसवायचो. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, बाजार समितीची पावतीपुस्तकं आणि वर्षातून एकदा दिवाळी अंक. आज सांगायचंय ते एका दिवाळी अंकाबद्दल. त्याचा विषय होता शिकार.

शिकार तेव्हा कायद्याने थांबत आली होती. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. पण निजामाच्या अमदानीत खांद्यावर बंदूक टाकून रानं फिरलेली माणसं अजून हयात होती आणि त्यांच्याजवळ सांगण्यासारखं पुष्कळ होतं. संपादकांनी कुणाकडून लेख मागवले, कुणासमोर बसून लिहून घेतलं, दोन-चार इंग्रजीतून आणले. अंक वेळेवर निघाला. भाऊबीज होऊन आठवडा झाला असेल, तोच किनवटहून एक पोस्टकार्ड आलं. अक्षर बारीक, टाकाने लिहिलेलं. मजकूर मला पाठ आहे.

"आपल्या अंकात रायफलीची गोळी 'दीडशे ग्रॅमची' असे छापले आहे. तेथे दीडशे ग्रेन हवे. दीडशे ग्रेन म्हणजे दहा मासे. दीडशे ग्रॅम म्हणजे जवळजवळ तेरा तोळे. तेरा तोळ्यांची गोळी आम्ही पाहिलेली नाही. संपादकांनी पाहिली असल्यास कळवावे."

मी सराफ्यात जाऊन हिशेब करून घेतला. ग्रेन हे इंग्रजांचं बारीक वजन. इंग्रजी तोळा बरोबर १८० ग्रेनचा. बारा मासे म्हणजे एक तोळा, तेव्हा एक मासा १५ ग्रेन. दीडशे ग्रेन म्हणजे दहा मासे, गुंजभरही इकडेतिकडे नाही. आजच्या मापात पावणेदहा ग्रॅम धरा. आणि आम्ही छापलं होतं दीडशे ग्रॅम, म्हणजे थोडा झिजलेला क्रिकेटचा चेंडू! तो खांद्याला लावलेल्या रायफलीतून सुटला तर हरणाचं काय व्हायचं ते होवो, खांदा काही जागेवर राहायचा नाही.

आता कबुली. लेखकाने 'ग्रेन'च लिहिलं होतं. कंपोझिटरने 'ग्रेन'च जुळवलं होतं. कापलं मी. तीन ठिकाणी कापलं आणि समासात ठसठशीत 'ग्रॅम' लिहिलं, कारण ग्रेन हा शब्द मला ठाऊक नव्हता आणि ग्रॅम तर वाण्याच्या दुकानात रोज भेटायचा. चूक जुळाऱ्याची असती तर माझ्या नजरेतून निसटली एवढंच झालं असतं. ही मी पेन्सिलीला टोक काढून, मन लावून केलेली चूक होती.

पुढच्या महिन्यात संपादकांच्या मासिकात दिलगिरी छापली. तिचं प्रूफ मात्र मी सात वेळा वाचलं.

त्या कार्डामुळे मला एक नाद लागला. रविवारी रद्दीवाल्यांकडे इंग्रजी शिकारी मासिकांचे जुने अंक मिळायचे. कुणा साहेबाच्या बंगल्यातून निघालेले, वाळवीने कडा खाल्लेले. लंडनचं 'द फील्ड' १८५३ पासूनचं, अमेरिकेची 'फील्ड अँड स्ट्रीम' आणि 'आउटडोअर लाइफ' १८९५ आणि १८९८ ची. शिकारीच्या गोष्टी मी चाळायचो. वाचायचो ती वाचकांची पत्रं. मला वाटलं होतं, अशा पत्रांत कुणाचा नेम चांगला यावर भांडणं असतील. निम्मा राग आमच्या धंद्यावरचा निघाला! टिंब चुकलं, आडवी रेघ चुकली, आकडा चुकला.

एकच उदाहरण सांगतो. एक प्रसिद्ध काडतूस आहे, त्याचं नाव ३०-०६. इंग्रजीत थर्टी-ओ-सिक्स म्हणतात. तीस म्हणजे नळीचं माप, इंचाचे तीस शतांश, आणि ०६ म्हणजे १९०६, अमेरिकी सैन्याने ते स्वीकारलं ते साल. मधल्या रेघेच्या जागी टिंब पडलं की तीस पूर्णांक सहा शतांश होतात, आणि या टिंबावरून वाचक पिढ्यान्‌पिढ्या चिडत आलेत. आमच्याकडे तर पुढची पायरी झाली. एका होतकरू पोराने '३०-०६' ही तारीख समजून 'साहेबांनी आपली ३० जून उचलली' असं जुळवलं होतं. हे मात्र मी पकडलं. माझ्याही पदरात काहीतरी असू द्या.

दुसरी भानगड अशी की बंदुकीच्या जगात नावाचा आकडा आणि खरं माप यांचं जुळेलच असं नाही. विंचेस्टर या अमेरिकी कंपनीचं २७० हे काडतूस १९२५ सालचं. 'आउटडोअर लाइफ'मध्ये जॅक ओकॉनर नावाचे लेखक आयुष्यभर त्याचे गोडवे गात आले. नाव २७०, पण गोळीची जाडी इंचाचे २७७ सहस्रांश. लेखात एका ओळीत २७० आणि खालच्या ओळीत २७७ दिसलं की माझ्यासारखा माणूस 'आकडे जुळवा' म्हणून दोन्हीकडे २७० करून मोकळा होणार. बारा बोअरचंही तसंच. एक रत्तल, म्हणजे एक पौंड, शिशाच्या, नळीत नेमक्या बसतील अशा, सारख्या बारा गोळ्या होत असतील तर ती नळी बारा बोअरची. वीस गोळ्या झाल्या तर वीस बोअरची. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक. आमच्या त्याच अंकात लेखकाने लिहिलं होतं, 'मुलाच्या हाती हलकी वीस बोअर दिली, स्वतः बारा घेतली.' मला वाटलं, म्हाताऱ्याच्या लिहिण्यात उलटापालट झाली. केली सुलट. त्याचंही कार्ड आलं, तेही किनवटचंच.

छायाचित्रांच्या तक्रारी तर ऐकण्यासारख्या. पान सजवणाऱ्याला शिकाऱ्याचं तोंड मजकुराकडे हवं असतं, म्हणून तो फोटो आरशातल्यासारखा उलटा करतो. चेहरा उलटा झालेला कुणाला कळत नाही. रायफलीचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारायचा दांडा, मात्र उजवीकडचा डावीकडे जातो आणि ती रायफल खांद्याला लावलेल्या माणसाला ते मैलावरून दिसतं. बंदुकीच्या नळीचं तोंड शेजारी बसलेल्या कुत्र्याकडे आहे, चापावर उगाच बोट आहे, म्हणूनही लोक संपादकाला धारेवर धरतात. मला हे फार आवडलं. कवितेत मात्रा कमी पडली तर दोघे-तिघे कुरकुरतात. इथे वाचणाऱ्याने ती वस्तू स्वतः पुसलेली असते, तेल घातलेलं असतं.

बरं, 'मॅगझिन' या शब्दाचीच गंमत बघा. वाचायचं ते मॅगझिन आणि रायफलीत काडतुसं राहतात तेही मॅगझिन. आमच्याकडे बाइंडिंगला एक वयस्क चाचा होते, उस्मानिया पद्धतीचं जुनं उर्दू शिकलेले. ते म्हणाले, "मास्तर, ये तो हमारा मखजन है." मखजन म्हणजे कोठार. अरबीतून तो शब्द युरोपात गेला, आधी दारूगोळ्याचं कोठार झाला आणि १७३१ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'पासून मजकुराचं कोठार झाला. आपला खजिना त्याच धातूचा. मासिकात क्लिपला, म्हणजे काडतुसं एकत्र धरणाऱ्या पट्टीला, मॅगझिन किंवा मॅगझिनला क्लिप म्हटलं की पत्रांचा पाऊस पडतो. आपण दोन्हींना 'गोळ्यांची डबी' म्हणून सुटतो. गोळी आणि काडतूस हा फरक तरी आपण कुठे पाळतो? काडतूस म्हणजे टोपी, दारू, पितळी नळकांडं आणि त्याच्या तोंडाशी गोळी. 'जागेवर तीन गोळ्या सापडल्या' असं बातमीत येतं तेव्हा बहुधा सापडलेली असतात ती रिकामी नळकांडी.

पण श्रोतेहो, बंदुकीच्या चुका शेवटी परक्या शब्दांच्या होत्या. जास्त लाज वाटली ती आपल्या शब्दांची.

एक म्हणजे रोही. परभणी-हिंगोलीच्या शेतकऱ्याला सांगायला नको, रोही म्हणजे नीलगाय. लेखात होतं, 'रात्री तुरीत रोही शिरले.' छापून आलं, 'रात्री तुरीत रोगी शिरले.' यावर एकाने नुसती एक ओळ पाठवली होती: "मास्तर, मग डॉक्टरला कळवलं का न्हाई?"

दुसरा शब्द वाघूर. पाटोद्याच्या बाजूचे एक प्राथमिक शिक्षक स्वतः छापखान्यात आले. फासेपारधी समाजातले. अंगात स्वच्छ पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात आमचा अंक, आणि पानाच्या जागी घातलेलं एस.टी.चं तिकीट. त्यांनी अंक उघडून माझ्यासमोर ठेवला. ओळ होती, 'सांज झाली की ओढ्याच्या काठाने वाघूळ लावलं.' वाघूळ म्हणजे झाडाला उलटं लटकतं ते. लेखात हवी होती वाघूर, म्हणजे जनावराच्या वाटेवर आडवं लावायचं जाळं.

मी मूळ प्रत काढली. लेखकाने लिहिलं होतं, 'वाघूर लावली.' जुळाऱ्याने 'र'च्या जागी 'ळ' घातला, 'वाघूळ लावली.' ही ओळ माझ्यापुढे आली आणि मला खटकलीही. पण खटकलं काय, तर लिंग! वाघूळ नपुंसकलिंगी, मग 'लावली' कसं? म्हणून मी 'लावली' कापून 'लावलं' केलं. नाम खोटं होतं आणि मी संशय घेतला क्रियापदावर. व्याकरण एकदम शुद्ध झालं.

गुरुजी रागावले नाहीत. म्हणाले, "आमच्या लोकांचं नाव छापून येतं ते पोलिसांच्या बातमीत. पहिल्यांदा आमच्या आजोबाच्या हातातली वस्तू छापून आली, म्हणून अंक विकत घेतला. घरी वाचून दाखवला, तर आई हसायला लागली." मग त्यांनी बाइंडिंगच्या टेबलावरचा शिलाईचा दोरा मागून घेतला. त्याच लेखात जाळ्यालाही फास म्हटलंय, हे त्यांना दाखवायचं होतं. दोन बोटांवर दोरा गुंडाळला, एक पीळ, आतून एक ओढ, आणि सरकती गाठ तयार. "हा फास. एका दोरीला असे ओळीनं बांधतात, तितराला. वाघूर येगळी, ती जाळ्याची, सश्याला, हरणाला." फास माझ्या पेन्सिलीवर चढवून त्यांनी हलकेच ओढला. पेन्सिल अडकली. चहा घेऊन ते चारच्या गाडीने गेले.

चित्त्याची तक्रार तर आजही जिवंत आहे. उसात बिबट्या दिसला की कुठेतरी 'चित्ता' छापून येतंच. बिबट्याच्या अंगावर ठिपक्यांची फुलं असतात. चित्त्याचे ठिपके भरीव, आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत अश्रू ओघळल्यासारखी काळी रेघ. भारतातला चित्ता संपल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं. नामिबियाहून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोला आले ते २०२२ च्या १७ सप्टेंबरला. तारीख मराठवाड्याला पाठ करावी लागत नाही, आपला मुक्तिसंग्राम दिन तो. मात्र आमच्या अंकात कन्नडच्या एका वृद्ध शिकाऱ्याने गौताळ्यातल्या बिबट्याला सरळ 'चित्ता' म्हटलं होतं, कारण त्याच्या लहानपणी घरात उर्दूमिश्रित बोली आणि तिच्यात बिबट्याला चीताच म्हणत. इथे मी काय करावं? त्याचं बोलणं बदललं तर तो माणूस जातो, ठेवलं तर प्राणी चुकतो. मी 'चित्ता' तसाच ठेवला आणि तळाला बारीक टाइपात टीप दिली. तरीही सहा पत्रं आली. बारीक टाइप कुणी वाचत नाही.

ह्रस्व-दीर्घाच्या तक्रारीही यायच्या, पण त्यांचं मला ओझं नव्हतं. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे, चौदा. त्यांत चारांची भर पडली १९७२ मध्ये, म्हणजे शिकारबंदीच्याच साली. वाघीण दीर्घ, वाघिणीने ह्रस्व. नियमावर बोट ठेवलं की वाद मिटायचा. वाघूर शब्दाला असा नियम कुठून आणणार? तेव्हापासून अनोळखी शब्द आला की मी तो कापायचा सोडला. समासात प्रश्नचिन्ह करायचो आणि पोराला सायकलवर लेखकाकडे पिटाळायचो. मालक म्हणायचे, "मास्तर, तुमच्या प्रश्नचिन्हांपायी सायकलीचे टायर गेले."

पुढे डीटीपी, म्हणजे संगणकावरची जुळणी, आलं, खिळ्यांचं काम बंद पडलं आणि मालकांनी छापखाना मोडला. खिळ्यांत मुख्य धातू शिसं. शिकारीच्या गोळीतलंही तेच. भंगारवाल्याने खिळ्यांच्या पेटीतले सगळे कप्पे पोत्यात ओतले, काने वेगळे नाहीत, मात्रा वेगळ्या नाहीत, सगळं एकत्र. काट्यावर पोती चढली, उतरली. मालक आत होते म्हणून पावती त्याने माझ्या हातात दिली. मी आधी आकडा नाही पाहिला. आधी पाहिलं, आकड्यापुढे काय लिहिलंय ते. किलो होतं. बरोबर होतं. सही केली.

नमस्कार.