गाडीतल्या साहेबाने दिलेला नवा करार

नमस्कार, श्रोतेहो. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला की पाचारणाचा, म्हणजे देवाच्या हाकेचा, विषय निघतोच, आणि पाचारण म्हटलं की येशूचा शिष्य मत्तय आठवतो. जकातीच्या नाक्यावर बसला होता. येशू म्हणाला, "माझ्यामागे ये," आणि हा उठून गेला. टोलविरुद्ध एवढं रान उठवलेलं आपलं कोल्हापूर. नाक्यावरच्या माणसाबद्दल लोक काय बोलत असतील, हे तुम्हाला मी सांगायला नको!

पण आपलं तसं होत नाही. एका हाकेत उठणारे थोडेच. म्हणून मला गोष्ट सांगायचीय ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांची.

टिळक तेव्हा तरुण होते. कोकणातले ब्राह्मण, कवी, संस्कृतात मुरलेले. नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरा साहेब. आता साहेब म्हटल्यावर हे अंग चोरून बसले असतील. पण साहेबाने जागा करून दिली आणि गप्पा काढल्या त्या संस्कृत काव्याच्या! हळूहळू बोलणं ख्रिस्तावर आलं. उतरताना साहेबाने नवा करार, म्हणजे बायबलचा येशूबद्दलचा भाग, हातात ठेवला. म्हणाला, मनापासून वाचा, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते भलतंच वाटलं. पण वाचायचा शब्द दिला होता. ब्राह्मणाने शब्द दिला, तोही साहेबाला, मोडायचा कसा?

वाचायला बसले. गोडी नव्हती, नेटाने पानं उलटत होते. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय आला, येशूचं डोंगरावरचं प्रवचन, आणि तिथे माणूस अडकला. पुस्तक खाली ठेववेना. ज्या प्रश्नांनी छळलं होतं, त्यांची उत्तरं तिथे सापडू लागली. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. तो साहेब म्हणजे अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी, असं सांगतात.

लक्षात घ्या, त्यांचं मन आधी तयार नव्हतं. वाचायची तयारी होती, एवढंच. पुन्हा सांगतो, वाचायची तयारी.

आणि बाप्तिस्म्याने हाक संपली नाही. नगरच्या अमेरिकन मिशनमध्ये वर्षानुवर्षं काम केलं. आपल्या कोल्हापुरात १८५२ला आलेले मिशनरी वाईल्डरसाहेबही आधी त्याच नगरला होते. मग १९१७ला, साठीकडे झुकताना, टिळकांनी मिशनचा पगार सोडला, संन्याशाची वाट धरली आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. पहिली हाक पुस्तकातून, दुसरी चालू नोकरीतून. दोन वेळा हाक, दोन वेळा उठणं.

जाता जाता एक. टिळकांची भजनं टाळ-मृदंगावर म्हणायची असतात. हल्ली मंडळीतली पोरं कीबोर्डवर ती अशी काही पळवतात की अभंग कुठला आणि वरात कुठली, कळत नाही. पाळकसाहेब, तेवढं बघा.

तर या आठवड्यात मत्तयाचे पाच, सहा आणि सात हे तीन अध्याय काढा. मोठ्याने वाचले तरी पंधरा-वीस मिनिटांत होतात. पाच, सहा, सात. पटलं नाही तिथे पेन्सिलीने खूण करा, रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांना गाठा आणि खुशाल वाद घाला.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ख्रिस्ती व्हायला आधी साफ नकार दिला, वेगळ्या राहिल्या, आणि काही वर्षांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. त्यांची गोष्ट याहून ठसकेबाज आहे. ती पुढच्या वेळी. नमस्कार.