आधी धार, मग पाट

नमस्कार. सुतारकामाची हौस असलेली बरीच मंडळी मला भेटतात आणि पहिला प्रश्न बहुधा हत्यारांच्या यादीचा असतो. मी यादी देत नाही. पाऊण इंची एक पटाशी, म्हणजे लाकूड तासायची सपाट छिन्नी, आणि धारेचा दगड घ्या, बाकीची खरेदी थोडी थांबवा, एवढंच सांगतो. दुकानातून आणलेल्या नव्या पटाशीला बहुतेक वेळा कामाची धार नसते, कारखान्यात तिला फक्त आकार दिलेला असतो. तिने लाकूड कापलं जात नाही, चेंगरतं. मग माणूस जोर लावतो, आणि जोर लावलेलं हत्यार सटकून हातात घुसतं.

धार लावायची कशी, ते जरा सविस्तर सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आधी पटाशीची पाठ. ती दगडावर पूर्ण सपाट टेकवून घासायची, टोकाकडच्या भागात खिडकीचा उजेड स्वच्छ दिसेपर्यंत. हे काम कंटाळवाणं आहे, पण एका पटाशीला ते एकदाच करावं लागतं. मग उताराची बाजू. कारखान्याचा उतार साधारण २५ अंशांचा असतो; टोकाशी ३० अंशांचा अगदी अरुंद दुसरा उतार द्यायचा. घासता घासता पाठीच्या बाजूला पोलादाची बारीक किनार वळते. ती डोळ्यांना दिसेलच असं नाही, पण बोट पाठीवरून धारेच्या बाहेर हलकेच सरकवलं की खरखर लागते. ही खरखर पूर्ण रुंदीभर लागली पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात लागली नाही, तर तो कोपरा अजून बोथट आहे. नंतर बारीक दगड, पुन्हा पाठ सपाट, आणि शेवटी चामड्याचा पट्टा.

धारेची परीक्षा सागवानावर घेऊ नका, तिथे जेमतेम धारही चालून जाते. पाइनसारख्या मऊ लाकडाचं टोक, जिथे तंतू आडवे कापलेले असतात, ते तासून बघा. बोथट पात्याखाली तिथले तंतू दबतात, फाटतात. काप गुळगुळीत आणि चकचकीत आला, की धार लागली. सागवानात सिलिका असते, त्यामुळे ते धार लवकर खातं. काम करताना दगड हाताशीच हवा.

हे जमलं की रंधा, लाकडाचा पृष्ठभाग तासून सपाट करायचं हत्यार. इथे मी जुन्या मालाच्या बाजूचा आहे. लोखंडी रंध्याची आजची रचना लेनर्ड बेली या अमेरिकन माणसाची. हत्यारं बनवणाऱ्या स्टॅनली कंपनीने १८६९ मध्ये तिचे हक्क घेतले आणि त्यानंतर तिच्यात फारसा बदल झालेला नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात असे रंधे मिळतात. गंजाला घाबरू नका, तो निघतो. तोंडापाशी, म्हणजे तळातल्या ज्या फटीतून पातं बाहेर येतं तिथे, बिडाला तडा गेलाय का, तेवढं नीट बघा.

रंधा चालवायला लागलात की लाकूड कुठल्या दिशेने खुशीत कापलं जातं आणि कुठे उचकटतं, हे हाताला कळायला लागतं. मशीन सँडरवर हे कधीच कळत नाही, आणि माझ्या मते हातहत्यारांचं खरं शिक्षण इथेच आहे. दुसरी गोष्ट कळते ती लाकडाच्या हालचालीची. पावसाळ्यात दार अडकतं, हे घरोघरी माहीत आहे. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलतं. ओल्याचं पूर्ण कोरडं होताना सागवान वार्षिक वलयांच्या दिशेने साधारण ५ टक्के आटतं, आणि त्याला काटकोनात, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे, त्याच्या निम्मं. फूटभर रुंद सागवानी फळी उन्हाळा-पावसाळ्यात दोन-तीन मिलिमीटर सहज हलते. जुन्या वाड्याचं, चौकटीत फळी बसवलेलं दार जवळून पाहा. मधली फळी चौकटीच्या खाचेत नुसती बसवलेली असते, खिळा नाही, सरस नाही. तिला फुगायला आणि आटायला जागा ठेवलेली असते.

म्हणून पहिली वस्तू म्हणून मी पाट सुचवतो. एक रुंद फळी आणि खाली दोन आडव्या पट्ट्या, इतकंच. पण पट्ट्या सरसाने पक्क्या चिकटवल्या तर फळीला हलता येत नाही आणि ती एक दिवस तडकते. त्याऐवजी फळीत आत रुंद आणि तोंडाशी अरुंद अशी तिरक्या बाजूंची खाच करायची आणि तशाच आकाराची पट्टी बाजूने सरकवायची. पट्टी फळीला सपाट धरून ठेवते आणि फळी तिच्यावरून हलू शकते. ही खाच करवतीने आणि पटाशीने काढताना आखणी, कापणी, तासणी, सगळं शिकून होतं.

फ्लॅटमध्ये जागा नाही, ही तक्रार मला फारशी पटत नाही. आपल्याकडचा सुतार जमिनीवर बसून, पायाने लाकूड दाबून काम करत आला आहे. गॅलरीत सतरंजीएवढी जागा पुरते, आणि हातकरवतीचा आवाज शेजाऱ्यांपर्यंत फारसा जात नाही.

या सुताराबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. बारा बलुतेदारांतला हा माणूस नांगर, पाभर, गाडीची चाकं करायचा, बरीचशी बाभळीची, आणि सुगीला खळ्यावर धान्य घ्यायचा. ट्रॅक्टर आला, प्लायवूड आलं. आज त्याच घरातला मुलगा चौरस फुटाच्या दराने किचन ट्रॉल्या आणि वॉर्डरोब लावतो. त्या दरात हाताने कुसू, म्हणजे जोडाच्या खाचेत बसणारं टोक, काढत बसणं त्याला परवडत नाही, यात त्याचा काही दोष नाही. आपल्यासारख्या हौशी माणसाकडे मात्र वेळ आहे. आणि त्या मुलाच्या वडिलांकडे ती विद्या अजून आहे.

तेव्हा व्हिडिओ जरूर बघा, पण तुमच्या गावातला एखादा वयस्कर सुतारही शोधा. त्याच्या माळ्यावर लाकडी रंधा असेल तर तो खाली काढायची विनंती करा. विकत मागू नका, चालवून दाखवायला सांगा. पातं पुढे आणायला तो पात्याच्या डोक्यावर हलकेच हातोडी मारेल आणि मागे घ्यायला रंध्याच्या मागच्या टोकावर. मग रंधा उलटा करून, एक डोळा मिटून तळावरून नजर टाकेल. तो नेमकं काय पाहतोय, हे तिथेच त्याला विचारून घ्या.