फिनिकमधलं 'शंभर'

[पडद्यावर: *साता]

शब्दाआधी तारका आहे, कारण हा शब्द कुठेही लिहिलेला सापडत नाही. फिनिश, एस्टोनियन, वेप्स, लिवोनियन या फिनिक भाषांतली रूपं ताडून आद्य-फिनिकसाठी, म्हणजे त्यांच्या सामाईक पूर्वज भाषेसाठी, तो मांडलाय. अर्थ शंभर. यातला 'आ' ऱ्हस्व म्हणायचा. लांबतो तिथे अवग्रह दिलाय.

शब्द मूळचा फिनिक नाही, इंडो-इराणीकडून, म्हणजे संस्कृत-फारसीच्या शाखेकडून, उसना घेतलेला आहे. आपल्या 'दोनशे'तला 'शे' आणि हा, दोघे 'शत'च्या कुळातले. पण तो इंडो-इराणीकडूनच आला कशावरून? याच कुळातल्या लॅटिन 'केंटुम', लिथुआनियन 'शिम्तास' यांत मूळचं अनुनासिक शाबूत आहे. ग्रीक 'हेकातोन'मध्ये त्याचा 'आ' झाला, पण 'क' तसाच राहिला. अनुनासिकाचा 'आ' आणि 'क'च्या जागी ऊष्म ('श'-'स'सारखा वर्ण), हे दोन्ही एकत्र इंडो-इराणीतच मिळतं. फिनिकमध्ये पुढे 'श'चा 'स' झाला. व्होल्गाकाठच्या एर्झ्या या दूरच्या नात्यातल्या भाषेत मात्र 'श्यादो' अजून तालव्य आहे.

[पडद्यावर: *साता, *सादान्, *सातादा]

आता विभक्ती. षष्ठीचा '-न्' लागला की दुसरं अक्षर व्यंजनानं बंद होतं आणि त्याच्या तोंडचा 'त' मऊ पडतो: *सादान्. हा 'द' स्पर्श नव्हे, घर्षक. जीभ दाताशी जाते, पण हवा अडत नाही. 'म्हणून' अशा अर्थाचा '-ना' लावला तर अक्षर उघडंच राहतं, म्हणून *सातानामध्ये 'त' टिकतो.

अंशवाचक म्हणजे एखाद्या गोष्टीचा अंश दाखवणारी विभक्ती. तिच्या *सातादामध्येही 'ता' उघडंच, त्यामुळे शब्दातला 'त' शाबूत. मऊ पडतो तो प्रत्ययाचा 'त', कारण त्याआधीच्या अक्षरावर आघात नाही. फिनिशमध्ये तो पार गळला आणि 'साताऽ' उरलं. दोनशेला फिनिशमध्ये 'काक्सिसाताऽ' म्हणतात: दोन, आणि पुढे अंशवाचकातलं शंभर. योगायोग असा, की 'पाऊस पडतोय'लाही 'साताऽ'च!

मऊ 'द'चे हाल प्रत्येक ठिकाणी वेगळे. प्रमाण फिनिशमध्ये 'सादान्', काही पश्चिमी बोलींत 'सारान्', पूर्वेकडे नुसतं 'साऽन्'. एस्टोनियनमध्ये 'द' गेला, दोन स्वरांमध्ये 'य' आला: 'साया'.

घोटाळा होतो तो एस्टोनियन प्रथमा 'सादा' पाहून. तिथला 'द' म्हणजे जुना कठोर 'त'च. वेप्सचं 'सादान्' तर फिनिशसारखंच दिसतं, पण वेप्समध्ये हा कठोर-मऊ खेळच नाही. तिथे दोन स्वरांमधला एकेरी 'त' प्रथमेतसुद्धा 'द' होतो.