सार्वभौमत्व, श्रद्धा आणि शेजार

अध्यक्षमहोदय आणि श्रोतेहो,

जागतिक राजकारण, धर्म आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य या विषयावर बेळगावात बोलायचे, तर सुरुवातीसाठी जिनिव्हा किंवा न्यूयॉर्क गाठण्याची गरज नाही. २६ आणि २७ डिसेंबर १९२४ रोजी आपल्या टिळकवाडीत काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद स्वीकारलेले ते एकमेव अधिवेशन. काँग्रेस विहिरीमुळे त्याची आठवण गावात टिकून आहे. पण त्या अध्यक्षीय भाषणातला एक विचार मात्र आपण फारसा काढत नाही. जगातील सुजाण मनाला आज परस्परांशी झुंजणारी पूर्ण स्वतंत्र राष्ट्रे नको असून परस्परावलंबी, मित्रभावाने वागणाऱ्या राष्ट्रांचा संघ हवा आहे, अशा आशयाचे विधान गांधींनी येथे केले. ज्या देशाला अजून स्वातंत्र्यच मिळालेले नव्हते, त्या देशाच्या व्यासपीठावरून हे बोलले गेले, ही गोष्ट मला आजही धाडसाची वाटते.

त्या वर्षाची पार्श्वभूमीही लक्षात घ्यावी लागेल. ३ मार्च १९२४ रोजी अंकाराच्या विधिमंडळाने खिलाफत रद्द केली आणि हिंदुस्थानातील खिलाफत चळवळीच्या पायाखालची जमीनच सरकली. सप्टेंबरात वायव्य सरहद्दीवरच्या कोहाटला हिंदू-मुस्लिम दंगल झाली आणि गांधींनी दिल्लीत एकवीस दिवसांचा उपवास केला. तुर्कस्तानात घेतलेल्या एका निर्णयाचे पडसाद बेळगावच्या मंडपापर्यंत पोहोचत होते.

आज मला एकच गोष्ट मांडायची आहे. धर्मावरून रक्त सांडलेल्या समाजांत जे तह टिकले, त्यांनी कोणाचा देव खरा हा प्रश्न बाजूला ठेवला आणि तारखा, रस्ते, शाळा, मतदानाची रीत यांसारख्या कोरड्या वाटणाऱ्या बाबी बारकाईने ठरवल्या.

याचे जुने आणि ठळक उदाहरण म्हणजे १६४८ चा वेस्टफालियाचा तह. पाठ्यपुस्तकांत एका ओळीत सांगतात की या तहातून सार्वभौम राष्ट्रांची कल्पना जन्मली. ते सोयीचे असले तरी अपुरे आहे. १६१८ पासून तीस वर्षे चाललेल्या युद्धाने जर्मन भाषिक प्रदेश उद्ध्वस्त झाले होते, आणि तरीही वाटाघाटी एका गावात होऊ शकल्या नाहीत. फ्रान्स आणि पवित्र रोमन सम्राटाचे प्रतिनिधी म्युन्स्टरला बसले, तर स्वीडन आणि प्रोटेस्टंट संस्थानांचे प्रतिनिधी सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या ओस्नाब्रुकला. म्युन्स्टरमधील पोपचा दूत फाबिओ किजी मध्यस्थ होता खरा, पण पाखंडी मानलेल्या प्रोटेस्टंटांशी बोलणी करायला तो तयार नव्हता.

या अडचणीतून निघालेला करार वाचण्यासारखा आहे. कोणत्या चर्चची मालमत्ता कोणाची आणि कोठे कोणाची उपासना चालावी, याचा निवाडा करताना धर्मशास्त्र उघडलेच नाही. १ जानेवारी १६२४ या दिवशी जेथे जे होते, ते तसेच धरावे, असा सर्वसाधारण नियम केला. राजाने पंथ बदलला तरी प्रजेवर तो लादता येणार नाही असे ठरले. ज्यांना त्या तारखेला सार्वजनिक उपासनेचा हक्क नव्हता, त्यांना घरात प्रार्थना करण्याची आणि शेजारच्या राज्यात जाऊन सार्वजनिक उपासनेत सहभागी होण्याची मुभा मिळाली. साम्राज्याच्या सभेत धर्माचा प्रश्न आला, तर तो बहुमताने सोडवायचा नाही, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या दोन्ही पक्षांनी वेगवेगळे बसून सहमतीवर यायचे, हीही रीत घालून दिली. ओस्नाब्रुकच्या बिशपच्या गादीवर तर आळीपाळीने एक कॅथलिक आणि एक लुथरपंथीय बसू लागला, आणि हा प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चालला. पोप दहावे इनोसंट यांनी हा तह रद्दबातल असल्याचे जाहीर केले; परंतु धर्मसत्तेचा कोणताही निषेध या तहाला लागू होणार नाही, असे कलम करार करणाऱ्यांनी आधीच घालून ठेवले होते! थोडक्यात, ज्याला आपण सार्वभौमत्वाचा जन्मदाखला म्हणतो, त्याच कागदावर राजाच्या हाताला बांधणाऱ्या अटीही लिहिलेल्या आहेत. 'आमच्या हद्दीत आम्ही वाटेल ते करू' असे सांगण्यासाठी जे वेस्टफालियाचा हवाला देतात, त्यांनी तो एकदा पुरता वाचावा.

याच्या उलट टोकाचे उदाहरण १९२३ चे आहे. ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी ३० जानेवारी १९२३ रोजी लोझान येथे लोकसंख्येच्या सक्तीच्या अदलाबदलीचा करार केला. तुर्कस्तानातील सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसचे ठरले आणि ग्रीसमधील साडेतीन लाखांहून अधिक मुसलमान तुर्कस्तानचे. इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे मुसलमान तेवढे वगळले. निकष फक्त धर्माचा. त्यामुळे अनातोलियातील करामानली लोक, जे ऑर्थोडॉक्स असले तरी घरात तुर्की बोलत आणि ग्रीक लिपीत तुर्की लिहीत, ते ग्रीसला पाठवले गेले. आणि क्रीट बेटावरचे ग्रीक बोलणारे मुसलमान तुर्कस्तानात गेले. दोघांनाही नव्या 'मायदेशा'त बाजारहाट करतानाही शब्द सापडेनात. भाषेच्या आधारावर रेघ ओढली असती तर हीच माणसे नेमकी उलट्या बाजूला गेली असती. सीमाभागातल्या श्रोत्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. आपल्या वाड्यांत मराठी बोलणारा लिंगायत आहे, मराठी बोलणारा ख्रिस्ती आहे, दोन्ही भाषांत सारखाच सहज वावरणारा मुसलमान आहे. यांतला कोणता धागा धरून माणसाला मोजायचे, हे मोजणारा ठरवतो. हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन लोझानच्या वाटाघाटींत प्रमुख होते आणि त्यांना स्वतःलाच हा तोडगा अत्यंत वाईट वाटत होता, तरीही तो झाला, कारण तोवर लाखो लोक पळून आलेलेच होते.

त्याच काळात उत्तरेत वेगळा निर्णय झाला. स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधल्या ऑलँड बेटांवरचे लोक स्वीडिश बोलणारे. फिनलंड १९१७ मध्ये स्वतंत्र झाल्यावर त्यांना स्वीडनमध्ये जायचे होते. राष्ट्रसंघाने १९२१ मध्ये बेटांवरचे फिनलंडचे सार्वभौमत्व मान्य केले, पण शाळा स्वीडिशमध्ये चालतील, बेटावरची जमीन स्थानिकांच्याच हाती राहील आणि तेथे लष्करी ठाणी असणार नाहीत, अशा हमींसह. बेटवासीयांना हवे ते मिळाले नाही, हे खरे. पण हमी पाळल्या गेल्या, आणि शंभर वर्षांनंतरही तेथल्या मुलांची शाळा स्वीडिशमध्येच भरते.

दुसऱ्या महायुद्धानंतर हाच विचार हक्कांच्या भाषेत आला. १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या २७व्या कलमात वांशिक, धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांची नावे एकाच दमात घेतली आहेत: आपली संस्कृती जपण्याचा, आपला धर्म पाळण्याचा आणि आपली भाषा वापरण्याचा त्यांचा हक्क नाकारता येणार नाही. भारताने हा करार १९७९ मध्ये स्वीकारला. मात्र व्यक्तीला थेट संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे तक्रार करू देणारा जोडकरार स्वीकारलेला नाही. म्हणून कर्नाटकातल्या खानापूरच्या पालकाला मराठी शाळेसाठी जिनिव्हाचा दरवाजा ठोठावता येत नाही. त्याच्या हाती आपल्या घटनेचे कलम ३५०-अ आहे, जे प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयींबद्दल सांगते, आणि ३५०-ब आहे, ज्यानुसार भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमला जातो. ही दोन्ही कलमे राज्य पुनर्रचनेच्या वर्षीच, १९५६ मध्ये आली. ती आणणाऱ्यांना रेघेच्या दोन्ही बाजूंना कोण उरणार याची पुरती कल्पना होती.

आता रेघ आणि देऊळ यांची गाठ. कंबोडिया आणि थायलंड यांच्या सीमेवर डांगरेक डोंगराच्या कड्यावर प्रेआ विहार हे ख्मेर राजांनी बांधलेले शिवमंदिर आहे. तेव्हा कंबोडियावर फ्रान्सचे वर्चस्व होते; फ्रान्स आणि सयाम (आजचा थायलंड) यांच्या १९०४ च्या तहाप्रमाणे सीमा पाणलोटाच्या रेषेने जायची होती, आणि तसे पाहिले तर देवळाकडे चढण्याची सोपी वाट थायलंडच्या बाजूने आहे. पण फ्रेंच अधिकाऱ्यांनी तयार केलेल्या नकाशात देऊळ कंबोडियात दाखवले गेले. सयामने तो नकाशा स्वीकारला, इतकेच नव्हे, तर जादा प्रती मागवल्या. १९३० मध्ये सयामचे राजपुत्र दामरोंग देऊळ पाहायला गेले, तेव्हा फ्रेंच रेसिडेंटने त्यांचे फ्रेंच झेंड्याखाली स्वागत केले आणि राजपुत्रांनी हरकत घेतली नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १५ जून १९६२ रोजी नऊ विरुद्ध तीन मतांनी देऊळ कंबोडियाला दिले, तेव्हा ही न घेतलेली हरकत महत्त्वाची ठरली. २००८ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेले आणि सैन्ये समोरासमोर आली. २०१३ मध्ये न्यायालयाला आपल्याच निकालाचा अर्थ सांगावा लागला. २०२५ मध्ये त्या सीमेवर पुन्हा तोफा डागल्या गेल्या. शिवाला मानणारे राजे गेले, आता दोन्ही देश बहुसंख्य बौद्ध आहेत, पण भांडण काही थांबलेले नाही. म्हणजे धर्म एक असल्याने तंटा मिटतो, हा समज येथे टिकत नाही.

आपल्याकडे मार्गशीर्षात कोल्हापूरकडचे भाविक 'उदं गं आई उदं' म्हणत सौंदत्तीच्या यल्लम्माला येतात, माघात चिंचलीच्या मायाक्कासाठी गाड्या भरून येतात. सीमाप्रश्नाचे वातावरण तापले की कोगनोळीजवळ एसटी थांबते आणि मग यात्रेच्या गाड्यांचे काय, यावर दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांचे फोन सुरू होतात. भक्तांना कोणी आंतरराज्य सहकार्याचे विद्यार्थी म्हणणार नाही. पण गाडी कोठपर्यंत सोडायची, पोलीस कोणाचे आणि किती, हे ठरवण्याची जी कटकट असते, तिचेच मोठे रूप म्हणजे पाकिस्तानातल्या करतारपूरच्या शीख गुरुद्वाराच्या यात्रेचा करार. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी भारत आणि पाकिस्तान यांनी व्हिसाशिवाय दर्शनाच्या वाटेचा करार केला, नोव्हेंबरात ती वाट खुली झाली, प्रत्येक यात्रेकरूमागे पाकिस्तानने वीस डॉलर शुल्क लावले, २०२४ मध्ये कराराला आणखी पाच वर्षांची मुदतवाढ मिळाली, आणि मे २०२५ मध्ये लष्करी संघर्ष पेटताच भारताने ही वाट बंद केली.

शेवटचा मुद्दा न्यायालयाचा. आंतरराष्ट्रीय न्यायालयात कोणत्याही राष्ट्राला त्याच्या संमतीशिवाय उभे करता येत नाही. सार्वभौमत्वाचा तो आजही सर्वांत कठीण भाग आहे. देशाच्या आत तसे नाही. घटनेच्या १३१व्या कलमाखाली एक राज्य दुसऱ्या राज्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकते, आणि महाराष्ट्राने २००४ मध्ये सीमाप्रश्नावर तसाच दावा दाखल केला. राज्यांच्या हद्दी बदलणे हा तिसऱ्या कलमाप्रमाणे संसदेचा अधिकार आहे, न्यायालयाचा नव्हे, अशी कर्नाटकाची भूमिका आहे. गावे कोणाची या प्रश्नाआधी हा प्रश्न सोडवण्याचा अधिकार कोणाचा, यावरच तेथे वाद उभा आहे. आणि ओस्नाब्रुकमध्येही धर्माच्या वादांचा निर्णय कोणी आणि कोणत्या रीतीने घ्यायचा, याच प्रश्नावर माणसे अडली होती.