आधी उतार, मग चढ: ग्रँड कॅन्यनला जाताना

मंडळी, आपल्यातले बरेच जण गड चढलेले आहेत. राजगड असो की सिंहगड, तिथला हिशेब सोपा असतो. दम लागला की आज एवढंच म्हणायचं आणि मागे फिरायचं. परतीला उतारच असतो. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या ग्रँड कॅन्यन या खोल दरीत हा हिशेब उलटा होतो. गाडी थेट माथ्यावर नेते आणि पायवाट तिथून खाली जाते. सकाळच्या गारव्यात, ताज्या पायांनी दोन तास सहज उतरून होतात. पोटऱ्या भरून येतात तेव्हा सगळा चढ बाकी असतो आणि ऊनही डोक्यावर आलेलं असतं. फसगत होते ती इथेच.

आकडे बघा. दक्षिण काठ, म्हणजे साउथ रिम, समुद्रसपाटीपासून सुमारे २१०० मीटरवर आहे, आपल्या कळसूबाईपेक्षाही उंच. तळातली कोलोरॅडो नदी साधारण ७५० मीटरवर. जुलैत काठावर दुपारचं सरासरी कमाल तापमान २९ अंशांच्या आसपास असतं, तर तळाशी ४१. काठावरची छान हवा बघून खालचा अंदाज बांधू नका.

आखणी करताना पहिला प्रश्न: नक्की कुठे जायचंय? लास वेगासहून निघणाऱ्या अनेक सहली काचेच्या स्कायवॉकला नेतात. तो भाग वालापाई या मूळनिवासी जमातीच्या जमिनीवर आहे, राष्ट्रीय उद्यानात नाही. साउथ रिम वेगासपासून सुमारे ४५० किलोमीटर, गाडीने साडेचार तास. एका दिवसात जाऊन यायचं ठरवलंत तर पायवाटेवर पाऊल पडेल ते ऐन दुपारी. त्यामुळे आदल्या रात्री काठावरच्या गावात किंवा उद्यानाबाहेर लगतच्या तुसायान गावी मुक्काम करा. नॉर्थ रिमचं, म्हणजे उत्तर काठावरचं, लॉज जुलै २०२५ च्या वणव्यात जळालं. तिकडचा बेत असेल तर काय उघडं आहे ते आधी तपासा.

आता वाटा. ब्राइट एंजल वाटेवर २.४ किलोमीटरवर पहिलं विश्रामस्थान आहे, उतार ३४० मीटर. दुसरं ४.८ किलोमीटरवर, तिथवर ६४५ मीटर उतरलेले असता. त्यापुढे हवासुपाई गार्डन्स, काठापासून ७.२ किलोमीटर. सवय नसलेल्यांनी उन्हाळ्यात पहिल्या विश्रामस्थानाहून परत फिरावं, असं माझं स्पष्ट मत आहे. साउथ कैबाब ही वाट देखणी, पण तिच्यावर पाण्याचा थेंब नाही आणि सावलीही जवळजवळ नाही. तिथे सीडर रिज, २.४ किलोमीटर, हे पुरेसं ठिकाण. या वाटेच्या तोंडाशी खासगी गाडी नेता येत नाही. उद्यानाची बस घ्यावी लागते.

एकाच दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येऊ नका, असं उद्यानाचे रेंजर बजावून सांगतात, मे ते सप्टेंबरमध्ये तर विशेष. उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा. तासभर उतरलात तर परतीला दोन तास. मागे फिरायची वेळ निघण्याआधीच ठरवा आणि ती पाळा. सकाळी १० ते दुपारी ४ या वेळात उन्हाळ्यात दरीच्या आत चालायचंच नाही. ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करत नाहीत, शेजारच्या नावाहो या मूळनिवासी जमातीच्या भूमीत मात्र करतात, त्यामुळे फोन तासभर पुढची वेळ दाखवू शकतो. त्या बाजूने येणाऱ्यांनी बसची वेळ फोनवर विसंबून धरू नये.

पाणी आणि मीठ, यावर जरा थांबतो. मुंबईत घाम निथळतो, शर्ट पाठीला चिकटतो, म्हणून पाणी प्यायची आठवण होते. इथली हवा इतकी कोरडी की घाम दिसायच्या आत उडून जातो. तासाभराने टोपीची कड बघा, किंवा पाठपिशवीचा पट्टा टेकतो तिथला शर्ट. पांढरी, खरखरीत रेघ उमटलेली असते. ते तुमच्या अंगातून गेलेलं मीठ.

उन्हात चालताना तासाला अर्धा ते एक लिटर पाणी लागतं. पण खाणं टाळून नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम खाली येतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो. हे उष्णतेने थकल्यासारखंच दिसतं, त्यामुळे सोबतचे आणखी पाणी पाजतात आणि प्रकृती बिघडवतात. म्हणून आधी विचारा: किती पाणी प्यायलात, खाल्लंत काय? लघवी वारंवार आणि पाण्यासारखी स्वच्छ होत असेल तर पाणी थांबवा, खारं काही द्या. खारे शेंगदाणे, चिवडा, लोणचं लावलेली पोळी हे आपलं नेहमीचं खाणं इथे उत्तम चालतं. माणूस बरळायला लागला, तोल जाऊ लागला, तर मात्र वाट बघू नका. सावलीत घ्या, कपडे भिजवा, वारा घाला, ९११ या आपत्कालीन क्रमांकावर कळवा. फोनला रेंज सगळीकडे नसते. न लागल्यास कुणाला तरी वर पाठवा.

विश्रामस्थानांचे नळ हंगामी आहेत आणि पाण्याची मुख्य नळवाहिनी १९६० च्या दशकातली, अनेकदा फुटलेली. आदल्या दिवशी उद्यानाच्या संकेतस्थळावर नळांची स्थिती बघा, तरीही लागेल तेवढं पाणी सोबत असू द्या. नळ चालू असेल तर शर्ट भिजवून घाला. एरवी ट्रेकवाले सुती कपड्यांना नावं ठेवतात, पण उन्हाळ्यात ओला सुती शर्ट अंग थंड ठेवतो. हिवाळ्यात तोच घातक. तेव्हा वाटेच्या वरच्या टप्प्यावर बर्फ घट्ट होतो, बुटांना दातेरी साखळ्या लागतात.

भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर उंची लक्षात घ्या. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असणाऱ्यांना २१०० मीटरवर सपाटीतही धाप लागू शकते. मोठं रुग्णालय थेट फ्लॅगस्टाफला, सुमारे १३० किलोमीटरवर. त्यांच्यासाठी काठाकाठाने जाणारी रिम ट्रेल आणि मोफत बस पुष्कळ आहे. कड्यापासून दोन मीटर आत राहा, फोटोसाठी मागे मागे सरकू नका. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत दुपारी विजा पडतात; गडगडाट ऐकू आला की कठडा सोडून बसमध्ये किंवा इमारतीत शिरा.

वाटेत खेचरांचा तांडा आला तर डोंगराच्या बाजूला सरून उभे राहा, दरीच्या बाजूला नको, आणि शेवटचं खेचर बरंच पुढे जाईपर्यंत हलू नका.