दुपारी तीन वाजता, कचेरीच्या व्हरांड्यात

नमस्कार श्रोतेहो. सातबाऱ्यासाठी, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत तुम्ही कधी ना कधी ताटकळला असालच. मे महिना, दुपारचे तीन. कुठे उभे होता, जरा आठवा. सरकारी इमारत चांगली की वाईट, हे मी त्या जागेवरून ठरवतो.

जुन्या कचेरीत ती जागा म्हणजे व्हरांडा. वर मंगलोरी कौलं, खाली शहाबादी फरशी. लोक तिथेच बसायचे, अर्ज लिहून देणाराही तिथेच बसायचा. आणि त्याच व्हरांड्यामुळे आतल्या भिंतीला ऊन लागायचं नाही. मुंबईचं जुनं सचिवालय बघा, ओव्हल मैदानासमोरचं, 1874 साली पुरं झालेलं. तोंड पश्चिमेला, म्हणजे उतरत्या उन्हाला. पण समुद्रावरचा वाराही तिकडूनच येतो. म्हणून त्या अंगाला कमानींचे व्हरांडे आहेत. ऊन अडतं, वारा आत येतो.

आता जिकडेतिकडे काचेच्या इमारती उभ्या राहताहेत. अशाच एका कार्यालयात मी पश्चिमेच्या काचेला आतून हात लावला आणि चटका बसला. बाहेर लख्ख ऊन, आत पडदे ओढलेले आणि भरदुपारी ट्यूबलाइट लावलेल्या! काचेतून आलेलं ऊन टेबलं, फरशी तापवतं आणि ती धग आतच कोंडते. मग पडदा ओढून कितीसा उपयोग? ऊन काचेबाहेरच अडवायला हवं. दक्षिणेला साधा छज्जा पुरतो, कारण तिथलं ऊन वरून येतं. पश्चिमेचं ऊन तिरपं; त्याला जाळी हवी, झाड हवं. नाहीतर जिना, लिफ्ट, स्वच्छतागृहं त्या बाजूला टाकावीत आणि माणसं उत्तरेला बसवावीत.

रत्नागिरीचा नकाशा चंद्रपूरला मात्र चालायचा नाही. कोकणात घाम वाळायला वारा लागतो, समोरासमोर खिडक्या लागतात. चंद्रपूरला दुपारचा वारा म्हणजे झळाच. तिथे जाड भिंती, लहान खिडक्या आणि रात्रीचा गारवा आत घेणारे वरचे झरोके हवेत.

एसी हवा तिथे लावावाच. पण तो आतली खोली गार करतो आणि त्याचं बाहेरचं यंत्र गरम हवा फेकतं, ती कितीदा तरी रांगेत उभ्या असलेल्या आजींच्या अंगावर. हे मला बघवत नाही.

तुमच्या तालुक्यात नवी कचेरी होणार असेल, तर नकाशा मागून बघा. लोकांच्या बाकावर बोट ठेवा आणि विचारा, मे महिन्यात दुपारी तीनला इथे सावली कशाची असेल?

नमस्कार.