अंधारबन उतरायचंय? आधी ओढ्याचं ठरवा

नमस्कार मंडळी. पाऊस ओसरत आला की दरवर्षी मला ओळखीतल्या चार-पाच जणांचे फोन येतात, अंधारबनला जायचंय, काय काय घेऊ, कधी निघू, पोरांना नेलं तर चालेल का. प्रत्येकाला अर्धा तास फोनवर सांगण्यापेक्षा आज इथंच सगळ्यांना सांगते.

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी, अंधारबन म्हणजे ताम्हिणीच्या अलीकडचं ते दाट जंगल, पुणे जिल्ह्यातल्या पिंपरी गावापासून चालायला लागायचं, कुंडलिकेच्या दरीच्या काठाकाठानं हिरडी गावापर्यंत यायचं आणि तिथून खाली कोकणात, रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला उतरायचं. साधारण 13-14 किलोमीटर. नदी सुरुवातीला खूप खाली असते, धुकं हटलं तरच दरीचा तळ दिसतो, आणि शेवटी तुम्ही तिच्याच काठावर येऊन उभे राहता.

लोक म्हणतात उतरणच तर आहे, सोपं असणार. तसं नाहीये हो. हिरडीपर्यंत वाट बऱ्यापैकी सपाट आहे, पण त्यानंतर जी उतरण लागते ती दगडांची, ओल्या पानांची, आणि गुडघे खरे तिथं बोलायला लागतात. शिवाय ही वाट एकतर्फी आहे. गाडी पिंपरीला लावली आणि तुम्ही निघालात भिऱ्याला, मग संध्याकाळी दमलेल्या पायांनी गाडी आणायला परत घाट चढून कोण जाणार? म्हणून ड्रायव्हर ठरवा, तो तुम्हाला पिंपरीला सोडेल आणि ताम्हिणी घाटातून खाली येऊन भिऱ्याला थांबेल. हे आदल्या दिवशी नक्की करा, कारण जंगलात शिरलं की रेंज गेली.

आता वेळेचं गणित. ग्रुप आठ-दहा जणांचा असेल तर जंगलात तासाला दोन किलोमीटर धरा, जास्त नाही. म्हणजे चालण्याचेच सात तास, वर खाणं, फोटो, कुणाच्या बुटाचा सोल निघाला, असा तास-दीड तास. सकाळी आठला पाऊल टाकलं तरच साडेचार वाजेपर्यंत तुम्ही खाली. पुण्याहून पहाटे पाचला तरी निघायलाच हवं. जंगलाचं नाव अंधारबन आहे ते उगाच नाही, ऑक्टोबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो पण झाडीत पाचलाच अंधारून येतं. साडेबारापर्यंत हिरडीला पोचला नाहीत तर तिथं गावात विचारा, पुढं रेटू नका.

पण मला आज सगळ्यात जास्त बोलायचंय ते पहिल्या ओढ्याबद्दल.

पिंपरीहून निघालं की थोड्याच वेळात तो आडवा येतो. काही वर्षांपूर्वी ऑगस्टमधे आम्ही नऊ जण तिथं पोचलो तेव्हा पाणी घोट्याएवढं होतं, अगदी काचेसारखं, तळाचे खडे मोजावेत असं. काठावर एक चपटा दगड होता, त्याच्यावर बसून आम्ही बूट काढले, मागं राहिलेल्या दोघांची वाट बघत पोह्यांचा डबा उघडला. पाऊस आमच्या डोक्यावर नव्हताच, होता तो वरच्या पठारावर. गावातले एक काका गुरं घेऊन चालले होते ते थांबले आणि म्हणाले, पाण्याचा रंग बघा, तांबूस व्हायला लागलाय, आता जाऊ नका. आम्ही बघतोय तोवर पानं-काटक्या वाहत आल्या, आणि वीसेक मिनिटांत तो चपटा दगड दिसेनासा झाला. आम्ही पलीकडे गेलो असतो तर पुढचे ओढेही असेच फुगलेले, मागचाही फुगलेला, मधे अडकून बसलो असतो. आम्ही तिथूनच परत फिरलो. मला त्या दिवसाचं अजिबात वाईट वाटत नाही.

तर माझा नियम असा: पहिल्या ओढ्याचं पाणी गुडघ्याला लागलं किंवा गढूळ झालं की घरी. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, मग तुम्ही कितीही धडधाकट असा. ओलांडताना हातात काठी, तोंड वरच्या बाजूला, म्हणजे जिकडून पाणी येतं तिकडे, सॅकचा कमरेचा पट्टा सोडलेला, म्हणजे पडलात तर सॅक टाकून देता येते. आणि दोर कमरेला बांधून कुणी पाण्यात उतरू नका, पाय घसरला तर तोच दोर माणसाला पाण्याखाली धरून ठेवतो. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. तिथंही पाणी बघता बघता वाढलं होतं.

म्हणून माझं मत विचाराल तर जुलै-ऑगस्ट नकोच, ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबर सगळ्यात छान. ओढ्यांना पाणी असतं पण अंगावर येत नाही, दरी उघडी असते, आणि नशीब असेल तर उंच फांद्यांवरून शेकरू उडी मारताना दिसतं, त्याची ती लांब झुपकेदार शेपटी एकदा पाहिली की विसरत नाही. वाटेतल्या फांदीला हात लावण्याआधी मात्र बघा, हिरवा चापडा, म्हणजे विषारी साप, पानात पान होऊन बसलेला असतो. हा भाग वनखात्याचा आहे, पावसाळ्यात वाट बंदही ठेवतात, त्यामुळं निघायच्या आधी चौकशी करायचीच.

सामान फार नको. माणशी तीन लिटर पाणी, ओआरएसची दोन पाकिटं, गूळ-शेंगदाणे, चपाती-भाजी, टॉर्च, शिट्टी, कोरडे मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत, चांगली ग्रिप असलेले बूट. हिरडीत आधी सांगून ठेवलं तर पिठलं-भाकरी मिळते, जरूर तिथंच जेवा, गावाला चार पैसे मिळतात.

आणि भिऱ्याला उतरल्यावर लगेच नदीत पाय सोडून बसू नका. तिथं टाटांचं वीजघर आहे, 1927 पासूनचं. मुळशी धरणाचं, एरवी पूर्वेला जाणारं पाणी डोंगर ओलांडून सुमारे 500 मीटर खाली इथं पाडतात, वीज करतात आणि कुंडलिकेत सोडतात, म्हणून तर कोलाडला उन्हाळ्यातही राफ्टिंग चालतं. याच धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह केला, त्या लोकांच्या बुडालेल्या जमिनींवरचं हे पाणी, मला तिथं उभं राहिलं की ते आठवतंच. पाणी सोडलं की कोरडं दिसणारं पात्र भरतं. काठावर, उंचावर बसा.

निघताना घरी एका माणसाला सांगून या, कुठून कुठं चाललोय आणि सातपर्यंत फोन आला नाही तर 112 ला कळवायचं. भिऱ्यात रेंज आली की चहा सांगायच्या आधी त्याला फोन करा.